जुनी बंदूक घेता? आधी कागद, मग नळी, मग भाव



हरभरा घाट्यावर आला, की गाविलगड-नरनाळ्याच्या पायथ्याची डुकरं खाली उतरतात. एका रात्रीत अर्धं वावर उकरून टाकतात. रोह्यांचा कळप शिरला तर तुरीचे शेंडेच राहत नाहीत. अंजनगाव सुर्जी, अकोट, परतवाडा या पट्ट्यात संत्रा, केळी, पानमळा किंवा पानपिंपरी करणाऱ्याला जागल नवी नाही. पण घरातली तरुण पोरं बाहेरगावी आणि म्हातारा माणूस मचाणावर, अशी आता पुष्कळ घरची गत आहे.

अशा वेळी पुतण्या मोबाईल पुढे करतो. पडद्यावर झकास दुनळी बंदूक असते. विलायती, जुनी, दस्त्यावर नक्षी. खाली बोली चाललेली, आणि भाव पाहिला तर बैलजोडीपेक्षा कमी! मग प्रश्न येतो, "काहून भाऊ, इतकी सस्ती भेटते तं घेऊन टाकू का?"

उत्तर एका शब्दात देण्याजोगे नाही. जुनी बारा बोअरची बंदूक कायद्याने विकत घेता येते, आणि पारखून घेतली तर स्वस्तातही पडते. पण तिचा मार्ग मोबाईलच्या बोलीतून जात नाही. तो कोणता, ते या पत्रकात क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कागद, मग नळी, मग भाव. हा क्रम उलटा केला की पैसा तरी जातो, नाही तर माणूस आत जातो.

मोबाईलवरची हर्रासी आणि आपल्या बाजाराची हर्रासी

बाजार समितीतली हर्रासी आपण जाणतो. ढिगात हात घालतो, दाणा दाताखाली धरतो, ओल पाहतो, मग बोली ऐकतो. मोबाईलवर माल हातात येत नाही. फोटो पाहायचा आणि आकडा टाकायचा.

इंग्लंड-अमेरिकेत जुन्या बंदुकांचे असे लिलाव खरोखर चालतात. तिकडे नावाजलेल्या कारागिराची दुनळी फार महाग जाते. पण बिननावाची साधी दुनळी शे-दोनशे पौंडांतही निघते, कारण तिकडे अशा बंदुका मुबलक आणि गिऱ्हाईक थोडे. तरी पुकारलेला भाव हा शेवटचा भाव नसतो. आपल्याकडे अडत असते, तशी तिथे घेणाऱ्याकडून लिलावगृहाची दलाली घेतात. ती बहुधा बोलीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असते. वर कर वेगळा. शिवाय 'माल आहे तसा' ही अट असते. पुढे दोष निघाला तर बहुधा सोसावा लागतो तो घेणाऱ्यालाच.

आता आपल्या कामाची गोष्ट. ती बंदूक तुमच्या घरी येऊ शकत नाही. परदेशातून बंदूक आणण्यावर आपल्या देशात १९८० च्या दशकापासून कडक बंधन आहे. नामांकित नेमबाजांना काही सवलत आहे, पण सर्वसाधारण शेतकऱ्याला ती वाट बंद आहे. म्हणजे विलायतचा भाव पाहून इथल्या भावाचा अंदाज बांधणे हीच पहिली चूक. इथल्या जुन्या विलायती बंदुका पूर्वी कलकत्ता-मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत आल्या. नव्या येत नाहीत म्हणून त्यांचा भाव चढा राहतो.

ठग नेमके हेच जाणतात. परदेशी लिलावातला फोटो उचलायचा, खाली आपला नंबर टाकायचा आणि 'माजी सैनिकाची बंदूक, बदली झाल्याने तातडीने विकणे' असे लिहायचे. मग अनामत रक्कम, नंतर वाहतूक खर्च, त्यानंतर 'परवाना आम्हीच करून देतो' म्हणून आणखी पैसे. बंदूक कधीच येत नाही. आणि चुकून आलीच तर ती बिनपरवान्याची असते. ते तर त्याहून वाईट.

परवानाधारक दुकानदार आपल्या मालाचे फोटो मोबाईलवर दाखवतात, त्यात गैर काही नाही. फोटो पाहून पत्ता विचारावा, दुकानाचा परवाना पाहावा, स्वतः जाऊन माल हाताळावा. मोबाईलचा उपयोग इतकाच. पैसा तिथून पाठवू नये.

पहिली पायरी : स्वतःचा परवाना

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. त्याप्रमाणे बंदूक जवळ ठेवण्याआधी परवाना लागतो. आधी बंदूक आणि मग परवाना, असे चालत नाही. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असले पाहिजे. आपल्या ग्रामीण भागासाठी परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. पोलिसांचा अहवाल घेऊन ते निर्णय करतात.

पीक रक्षणाबद्दल याच कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर आतून गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही देता येतो. मात्र तिची नळी २० इंचांपेक्षा कमी नसावी. तेव्हा अर्जासोबत सातबारा, पिकाचा तपशील आणि वनखात्याकडे पूर्वी केलेल्या नुकसानीच्या तक्रारींच्या प्रती जोडाव्यात. तोंडी रडगाण्यापेक्षा पंचनाम्याचा एक कागद जास्त बोलतो.

डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात बदल झाला. एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती, ती पाच वर्षे झाली. आणि बिनपरवाना बंदूक सापडली तर कमीत कमी दोन वर्षे, जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि वर दंड. दोन हंगाम वावर पडीक राहील, मुलीचे लग्न अडेल, एवढी ही शिक्षा आहे.

मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आगाऊ संमती लागते. ज्यांच्याकडे आधीच बंदूक आहे, त्यांनाही वनखात्याकडे नावाची नोंद करावी लागते. आपले गाव या अंतरात येते की नाही, हे वन कार्यालयात आधी विचारून घ्या. बंदुकीचा सौदा ठरवून बसल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी : विकणाऱ्याचे कागद आणि ४५ दिवस

परवाना हाती आला, की त्यावर दिलेल्या मुदतीत बंदूक घ्यायची असते. दुकानातून घेतली तर दुकानदार आपल्या वहीत आणि तुमच्या परवान्यावर नोंद करतो. दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेतली तर नियम असा :

विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला लेखी कळवायचे, की मी ही बंदूक अमक्या गावच्या अमक्या माणसाला विकणार आहे. त्यानंतर ४५ दिवस थांबायचे. ते उलटल्यावरच बंदूक हातची हाती द्यायची.

हे ४५ दिवस कटकटीचे वाटतात, पण तीच आपली राखण आहे. जो म्हणतो, "आजच पैसे टाका, उद्या घरपोच पाठवतो," तो एक तर कायदा मोडायला निघाला आहे, नाही तर तुम्हाला लुटायला. ही एकच कसोटी लावली तरी शंभरातले बहुतेक ठग आपोआप गळून पडतात. बंदूक ही साडी-चपलेसारखी पार्सलने दारात येणारी वस्तू नव्हे.

कागद पाहताना तीन आकडे जुळवा. विकणाऱ्याच्या परवान्यावरचा बंदुकीचा नंबर, बंदुकीच्या लोखंडी अंगावर कोरलेला नंबर आणि नळीवरचा नंबर. बंदूक बनवणाऱ्याचे नाव आणि नंबर नसलेली बंदूक विकण्यास कायद्याने मनाई आहे. नंबर कानसीने घासलेला दिसला, किंवा नव्याने ठोकल्यासारखा वाटला, तर चहा पिऊन परत या. भावाची गोष्टच काढू नका.

ज्या गावच्या नावाने १८०३ साली शिंदे आणि इंग्रज यांचा तह लिहिला गेला, त्या अंजनगाव सुर्जीच्या माणसाला कागदावरच्या अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको.

"शंभर वर्षांची आहे, परवाना कायले पाहिजे?"

ही समजूत फार पसरली आहे आणि ती घातक आहे. कायद्यात सूट आहे, पण कोणाला? जी बंदूक जुन्या धाटणीची, पुराणवस्तूच्या मोलाची किंवा मोडकी आहे, आणि जी तशीच किंवा दुरुस्त करूनही चालू शकत नाही, तिलाच. शेवटची अट लक्षात घ्या. आजोबाची दुनळी माळ्यावर गंजत पडली आहे, पण कारागिराने दोन कमानी बदलल्या की बार निघतो, तर ती कायद्याच्या नजरेत चालू बंदूकच आहे. तिला परवाना हवाच.

घरात अशी बंदूक असेल आणि परवाना ज्यांच्या नावे होता ते वारले असतील, तर वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यावी. जमा केली म्हणजे गेली असे नाही. वारसाला आपल्या नावाने परवाना मिळाला तर ती परत मिळते. नको असेल तर ठरलेल्या मुदतीत परवाना असलेल्या माणसाला विकताही येते. लपवून ठेवली तर मात्र आजोबाची आठवण नातवाच्या अंगाशी येते.

तिसरी पायरी : नळी पारखणे

कागद साफ निघाले, आता बंदूक हातात घ्या. सर्वात आधी ती उघडून दोन्ही नळ्यांत काडतूस नाही याची खात्री करा. विकणारा "खाली आहे" म्हणाला तरी स्वतः पाहा. तोंड सदा मोकळ्या जमिनीकडे, बोट चापाबाहेर. मग पुढील तपासणी करावी :

१. नळ्या वेगळ्या काढून उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. आरशासारखी चकचकीत असेल तर उत्तम. बारीक काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेले खड्डे. ते तोंडाशी थोडे असतील तर कारागिराला विचारा. काडतुसाच्या घराजवळ असतील तर सोडून द्या, कारण बाराचा सर्वात जास्त दाब तिथेच येतो.

२. उजेडाकडे पाहताना आत गोल काळी सावली, बांगडीसारखी, दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे. बाहेरून बोट फिरवा, उंचवटा लागतो. मातीने तोंड बुजलेले असताना कोणी बार काढला असावा. अशी बंदूक फुकटही नको. "नळी कापून आखूड करून देतो" म्हणणाऱ्याचे ऐकू नका. बिनपरवाना नळी आखूड करणे हा वेगळा गुन्हा आहे.

३. नळ्यांची जोडी खालच्या आकड्याला बोट घालून अधांतरी लोंबती धरा आणि लाकडाच्या तुकड्याने हळूच टिचका. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की आहे. फुटक्या मडक्यासारखा बद आवाज आला तर डाख सुटला आहे.

४. बंदूक जोडा, पण नळीखालचा लाकडी तुकडा काढून ठेवा. दस्ता धरून हलवा. खुळखुळ वाजली किंवा जोडावर फट दिसली तर बिजागरी झिजली आहे. बाराच्या वेळी हीच फट रुंदावते आणि तोंड तिच्यापासून वीतभर अंतरावर असते, हे विसरू नका.

५. दस्ता जिथे लोखंडात शिरतो तिथली जागा पाहा. केसासारखी भेग तिथेच पडते. तेल पिऊन काळे-मऊ झालेले लाकूडही टिकत नाही.

६. नळीच्या अंगावर नागमोडी, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली, तर ती बहुधा जुन्या पद्धतीने पट्ट्या गुंडाळून बनवलेली 'दमास्कस' नळी. दिसायला सुंदर, पण अशा पुष्कळ नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. आजचे काडतूस बिनधुराच्या दारूचे असते. ती नळी त्या दारूच्या कसोटीला उतरल्याची खूण आणि कारागिराचा होकार, दोन्ही असल्याशिवाय तिच्यात आजचे काडतूस घालू नये.

विलायती नळीच्या खालच्या बाजूला लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या कसोटीगृहाचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ पासून आहे. अंडाकृतीत 'ई एल जी' अक्षरे असली तर बंदूक बेल्जियमच्या लिएज गावची. तिथल्या अनेक बंदुकांवर इंग्रजी वाटावीत अशी नावे घातलेली असत. म्हणून वरचे नाव वाचून भुलू नका. खालचा ठसा पाहा.

पारख आपण करावी, पण शेवटचा निवाडा परवानाधारक बंदूक कारागिराकडून घ्यावा. नळीची जाडी मोजण्याचे साधन त्याच्याकडे असते. गावच्या लोहाराला बंदूक दुरुस्तीला देऊ नका. तो कसबी असेल, पण बिनपरवाना दुरुस्ती केली तर तोही अडकतो आणि तुम्हीही. आणि 'चालते का पाहू' म्हणून जुने काडतूस घालून वावरात बार काढू नका. पहिला बार कारागिराच्या देखरेखीखालीच.

बोअर आणि काडतूस

बारा बोअर म्हणजे काय, हे पुष्कळांना माहीत नसते. नळीत बसेल अशा शिशाच्या गोळ्या केल्या आणि बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअर. आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळाचा आकडा मोठा वाटतो, पण सोळा बोअरची नळी बाराहून लहान असते.

काही वेळा सोळा किंवा वीस बोअरची बंदूक अगदी स्वस्त सांगतात. ती स्वस्त का, तर तिची काडतुसे सहज मिळत नाहीत. आपल्याकडे चालतो तो बारा बोअर. बारा बोअरची काडतुसे आपल्याच राज्यात, पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. तेव्हा बंदूक घेण्याआधी दुकानात विचारा, हिचे काडतूस मिळते का, आणि आपल्या परवान्यावर वर्षाला किती घेता येतात.

आणखी बारीक पण जिवाशी असलेली गोष्ट. जुन्या विलायती बंदुकांपैकी अनेकींचे काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते. आजची कित्येक काडतुसे पावणेतीन इंचांची, म्हणजे ७० मिलिमीटरची असतात. लांब काडतूस आखूड घरात बसते, म्हणून माणूस फसतो. काडतुसाची लांबी ही बार झाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. बाराच्या वेळी त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. घराची लांबी कारागिराकडून मोजून घ्या आणि खोक्यावरची लांबी वाचूनच काडतूस घ्या.

घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसे एकाच पिशवीत कधीही ठेवू नका. वीस बोअरचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. नळी रिकामी समजून मागून बाराचे घातले आणि चाप ओढला, की नळी फाटते. हाताची बोटे जायला तेवढे पुरते.

भाव कसा करावा

बैल घेताना आपण शिंगाच्या रंगाचे पैसे देत नाही, दात आणि खूर पाहतो. बंदुकीचेही तसेच. ग्रीनर, वेब्ली अँड स्कॉट ही बर्मिंगहॅमची नावाजलेली घराणी. त्यांच्या नावाला हौशी लोक जास्त पैसे देतात. तुम्हाला हौस भागवायची नाही, पीक राखायचे आहे. मग नावाचे पैसे कशाला? आपल्या सरकारी कारखान्यातली इशापूरची बारा बोअर किंवा बिहारातल्या मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यातली साधी एकनळी, नळी साफ असेल तर शेतकऱ्याच्या कामाला पुरेशी आहे.

खरा भाव असा काढा. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. समजा एक बंदूक २० हजारांना सांगितली. बिजागरी सैल आणि दस्त्याला भेग. कारागीर म्हणाला, दुरुस्तीला १५ हजार. दुकानाच्या तीन-चार खेपांचा खर्च २ हजार. एकूण ३७ हजार, आणि तरी नळी जुनीच. दुसरी बंदूक ३२ हजारांना, नळी साफ, कागद पूर्ण, विकणारा ओळखीचा. स्वस्त कोणती, हे आता सांगायला नको. सौद्याला जाताना पाटीवरचा आकडा नव्हे, बेरजेचा आकडा डोक्यात ठेवावा.

मग स्वस्त चांगली बंदूक मिळते कुठे?

ती मिळते घरांत आणि दुकानांच्या कपाटांत. ज्याच्या वडिलांनी बंदूक नीट तेल-पाणी करून सांभाळली, पण मुलगा शहरात नोकरीला आहे आणि त्याला परवान्याची यातायात नको, अशा घरची बंदूक बहुधा परवानाधारक दुकानात किंवा ठाण्यात जमा असते. मालकाला ती मोकळी करायची असते. घासाघीस कमी होते आणि कागद आधीच सरकारदरबारी असतात. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दुकानदारांकडे आपले नाव सांगून ठेवा. घाई करू नका. ऐन हंगामात, डुकरं वावरात असताना, भाव करायला निघालेला माणूस नेहमी महाग घेतो. खरेदी पेरणीआधी, शांत डोक्याने करावी.

बंदूक आली, आता डुक्कर मारता येईल का?

नाही. हे नीट समजून घ्या. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. उभ्या पिकाला उपद्रव होत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. कागद हाती नसताना जनावर मारले तर बंदूकही जाते आणि खटलाही लागतो. हवेत बार काढतानाही शेजारच्या वावरात जागलीला बसलेला माणूस आहे का, याचा आधी विचार करा. लग्न-वरातीत तर बंदूक बाहेरच काढू नका. २०१९ च्या बदलाने त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. निवडणुका लागल्या की ठाण्यात बंदूक जमा करण्याचा हुकूम येतो, तोही पाळावा लागतो.

तेव्हा पैसा गुंतवण्याआधी हिशेब करा. वर्षातल्या किती रात्री ही बंदूक खरोखर कामी येईल? तेवढ्याच पैशात बॅटरी-सौरऊर्जेवरचे झटका कुंपण होते का, चार शेजारी मिळून राखण लावता येते का, हेही पाहा. मात्र विजेच्या तारेचा थेट करंट कुंपणात कधीही सोडू नका. त्याने जनावरासोबत आपलाच माणूस मरतो. आणि पिकाचे नुकसान झाले, तर वनखात्याकडे तीन दिवसांच्या आत तक्रार नोंदवून पंचनामा मागा. भरपाईचा तो हक्क बंदूक असो वा नसो, तुमचा आहेच.

फसगत झाली तर

मोबाईलवर पैसे गेले असतील तर लाजू नका आणि वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे ठगाच्या खात्यातून पुढे जाण्याआधी कळवले, तर अडवता येण्याची शक्यता असते. जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. संभाषण आणि पैसे पाठवल्याची पावती मोबाईलमधून पुसू नका. "बंदूक घ्यायला निघालो होतो, पोलीस आपल्यालाच धरतील," या भीतीने पुष्कळ लोक गप्प बसतात. ज्याने बंदूक घेतलीच नाही आणि जो लुटला गेला, त्याने गप्प बसून फायदा फक्त ठगाचा होतो.

लक्षात ठेवा

• परवाना आधी, बंदूक नंतर.
• विकणाऱ्याचा परवाना, अंगावरचा नंबर, नळीवरचा नंबर : तिन्ही जुळले पाहिजेत.
• खाजगी सौद्यात लेखी खबर आणि ४५ दिवसांची वाट. "आज पैसे, उद्या माल" म्हणणाऱ्याला रामराम.
• जुनी असली तरी चालू शकणारी बंदूक ही बंदूकच.
• नळीत खड्डे, फुगवटा किंवा खुळखुळ : सौदा बंद.
• काडतुसाची लांबी घराच्या लांबीएवढीच.
• नावाला नव्हे, नळीला पैसे द्या.
• जनावरावर नेम धरण्याआधी वनखात्याचा कागद खिशात हवा.

हे पत्रक घरातल्या तरुण पोरांना वाचून दाखवा. मोबाईल त्यांच्या हातात असतो, आणि पैसे तुमच्या घामाचे असतात. शेजारच्याला बंदूक घ्यायची असेल तर त्यालाही द्या.

राम राम.